आत ओढलेला होकार

तीर्थरूप सिग्ने आत्यास,

हेडविगचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा खरचटला असल्यामुळे तो सध्या उभ्यानेच घडतो आहे, पूर्ण वाकून केल्याचे समजून घ्यावे.) तुझी कंबर कशी आहे? जिना चढताना अजून कळ येते का? तिकडे मालमोला, देशाच्या खालच्या टोकाला, एव्हाना सफरचंदांना मोहोर येऊन गेलाही असेल. आमच्याकडे आखातातला बर्फ नुकताच गेला आहे आणि लाकडाच्या खोपीमागे त्याचा एक मळकट ढीग, सभा संपल्यावरही खुर्ची न सोडणाऱ्या श्रोत्यासारखा, अजून बसून आहे. आई बरी आहे. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिले आहे, तेव्हा आता ते तसेच राहू दे.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. या पत्रात 'सिग्ने' हे नाव वारंवार येईल आणि त्याच्या आगेमागे 'तळ घासला', 'मागच्या बाजूने फार जड आहे', 'ढकलल्याशिवाय हलत नाही' अशी विधानेही येतील. ती सर्व बोटीविषयी आहेत. बाबांनी आपल्या बोटीला बहिणीचे नाव दिले, यात त्यांचा तुझ्यावरचा जीव दिसतो असे मी मानते. आई मात्र अजून म्हणते की बायकोचे नाव दिले असते तर दरवर्षी रंग द्यावा लागला असता, बहिणीचे असले की दोन-दोन वर्षे तसेच चालते.

तर, सिग्ने विकायला काढली आहे. हे तुला ठाऊक आहेच, कारण तो निर्णय झाला तेव्हा इस्पितळातल्या त्या खोलीत तू होतीस आणि मी नव्हते. मी खाली यंत्रातून कॉफी आणायला गेले होते. (त्या यंत्राने माझी नाणी गिळून आधी सूप दिले, त्यात वेळ गेला. सूपही टोमॅटोचे होते. हे इथे सांगण्याचे कारण नाही, पण मला ते अजून आठवते.) वर आले तेव्हा आईने सांगितले की बाबांचे पांघरूण सारखे करता करता तिने विचारले, "हेल्गे, बोट विकून टाकली तर चालेल ना तुला?" आणि बाबा हो म्हणाले. त्यानंतर ते काहीच म्हणाले नाहीत. त्यामुळे तोच त्यांचा शेवटचा शब्द ठरला, आणि शेवटच्या शब्दाला आपल्या घरात अपील नसते. मला बोट ठेवायची होती. आईलाही ठेवायची होती, असा माझा अंदाज आहे. पण आम्ही दोघींनी दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली आणि परत येताना वाटेत हवामानाविषयी बोललो.

आता तो 'हो' कसा होता, याविषयी थोडे. इतकी वर्षे दक्षिणेत राहून तू आता तोंड उघडून, आवाज काढून 'हो' म्हणतेस अशी आईची जुनी तक्रार आहे, म्हणून आठवण करून देते. ओठ चोचीसारखे करायचे, श्वास झटकन आत ओढायचा, झाला होकार. बाकीचे जग हवा बाहेर सोडून संमती देते, आपण उत्तरेकडची, वेस्तरबोत्तनची माणसे तीही वाया घालवत नाही. आईबाबांच्या लग्नाची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. पाद्री नवा, दक्षिणेकडचा. त्याने विचारले, दोघांनी एकामागून एक श्वास आत ओढले, आणि तो बिचारा उत्तराची वाट पाहत उभाच राहिला. शेवटी तू मागच्या बाकावरून ओरडलीस, "अहो, झालं त्यांचं लग्न, पुढे चला!"

चिठ्ठी वाचून जे गृहस्थ आले त्यांचे नाव ब्रांडेलियस. राजधानीतले, निवृत्त, पांढरे कापडी बूट घातलेले. माणूस सज्जन आहे, पण एका प्रश्नाला पाच वाक्ये वापरतो. आम्ही बोट पाण्यात सोडायच्या उतारावर पोहोचलो तेव्हा शेजारचे सिक्स्टेनकाका नेहमीप्रमाणे थर्मास घेऊन हजर होतेच. (गावात कोणाचीही बोट पाण्यात जायची असो, सिक्स्टेनकाका मदत करत नाहीत, ते उपस्थित असतात.) ब्रांडेलियसांनी आईला विचारले की इंजिन थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होते का. आईने श्वास आत ओढला. ते थबकले. मग त्यांनी विचारले की इंजिनाची देखभाल नियमित झाली आहे का. आईने पुन्हा श्वास आत ओढला, या वेळी जरा जोरात, कारण देखभालीचा तिला अभिमान आहे.

"बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" ते म्हणाले. "बसता का जरा? पाणी आणू?"

"त्यांना काही झालेलं नाही हो," सिक्स्टेनकाका थर्मासचे झाकण फिरवत म्हणाले. "त्या हो म्हणाल्या."

"कशाला?"

"तुम्ही जे विचारलंत त्याला. आणखी काही विचारायचं असेल तर विचारून घ्या, आज त्या फार बोलतायत."

मग खरेदीदारांनी बोट पाण्यात पाहायची इच्छा व्यक्त केली, आणि इथून माझ्या दुर्दैवाचा अध्याय सुरू होतो. आजवर बोट लादलेला ट्रेलर गाडीने मागे मागे ढकलत पाण्यात नेण्याचे काम बाबा करत. एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, मान मागे, आणि गाडीच्या सुकाणूवर फक्त दोन बोटे, जणू पान उलटायचे आहे. आई उताराच्या कडेला दोर धरून उभी राही आणि एकेक श्वास आत ओढत त्यांना मागे मागे बोलावी. दोघांनाही आवाज काढावा लागत नसे. लहानपणी मला वाटे की बोट आईच्या श्वासानेच पाण्याकडे ओढली जाते.

मला ट्रेलर मागे नेता येत नाही. मात्र मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे न येणाऱ्या गोष्टीविषयी पुस्तक मला तत्काळ मिळते. त्या पुस्तकात म्हटले होते की ट्रेलर डावीकडे न्यायचा तर गाडी आधी उजवीकडे वळवावी. आणि हे लक्षात राहत नसेल तर सुकाणू खालच्या बाजूला धरावे, म्हणजे हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर जाईल. मी चर्चच्या मोकळ्या आवारात रिकाम्या ट्रेलरवर सराव केला. पाद्रीबाईंची सायकल हे त्या आवारातले एकमेव वाहन होते. सायकल आता बरी आहे. पाद्रीबाईंनी मला क्षमा केली, तो त्यांचा व्यवसायच आहे.

शिवाय आपल्या उताराचे दुखणे तुला माहीत आहे. इथली जमीन दरवर्षी नखभर वर येते आणि समुद्र तेवढाच मागे सरतो. आजोबांनी सिमेंट ओतले तेव्हा त्याचे टोक खोल पाण्यात होते. आता ते पोटरीभर पाण्यात आहे आणि त्यापुढे एकदम खड्डा. बोट तरंगायची तर ट्रेलरची चाके अगदी टोकापर्यंत न्यावी लागतात, पण टोकाच्या पुढे एक वीतही नाही. बाबा म्हणत, "समुद्राला आपला कंटाळा आलाय. जाऊ दे, मागे लागायचं नाही." आणि तरी दर वसंतात ते त्याच्या मागे लागत.

मी सर्व काही विधिवत केले, हे मला नमूद करायचे आहे. पट्टे सोडले. दिव्यांची तार काढली. इंजिन वर उचलले. तळाचे बूच स्वतः पिळून बसवले आणि उपस्थित सर्वांना दाखवले, कारण पुस्तकात ते जाड ठशात छापले होते. पुस्तकात एवढेच नव्हते की खरेदीदाराने बोटीत चढून बसू नये. ब्रांडेलियस चढून बसले. त्यांना म्हणे ती 'अनुभवायची' होती. सिक्स्टेनकाका म्हणाले, "सिग्ने मागच्या बाजूने आधीच जड आहे, तुम्ही पुढे बसा." (पाहिलेस? सांगितले होते ना.)

मी गाडीत बसले, काच खाली केली आणि आईला म्हणाले, "ठीक चाललंय तोवर नुसतं हो म्हणत राहा. नको असेल तर थांब म्हण."

आईने श्वास आत ओढला, म्हणजे समजले. मी मागे जाऊ लागले. आरशात मला बोटीचे नाक, त्यावरचे तुझे नाव आणि ब्रांडेलियसांची टोपी एवढेच दिसत होते. आई आरशाच्या बाहेर होती. तिचा फक्त हो ऐकू येत होता. एक. मी थोडी मागे. पुन्हा एक. मी आणखी थोडी मागे. ट्रेलर सरळ चालला होता, आत्या! माझे दोन्ही हात सुकाणूच्या खालच्या बाजूला होते, तरी मला वाटले की आता दोन बोटेही पुरतील. आणि तेवढ्यात आईचा एक मोठा, भरभरून, छातीच्या तळापासून आत ओढलेला हो आला. असा हो मी तिच्याकडून जन्मात ऐकला नव्हता. मला भरून आले. आई माझ्यावर प्रसन्न झाली आहे असे समजून मी पायाला जोर दिला.

तो हो नव्हता.

ट्रेलर सिमेंटच्या टोकावरून धाडकन खड्ड्यात बसला. त्या धक्क्याने सिग्ने मोठ्या डौलाने सुटून पाण्यात गेली. आईने दोन्ही हात गालांवर ठेवले होते, म्हणजेच दोर कोणाच्याच हातात नव्हता. मी दार उघडून धावले आणि शेवाळावर पहिल्याच पावलाला पडले, म्हणून आरंभीचा उभ्याने केलेला नमस्कार. वारा जमिनीवरून होता. ब्रांडेलियस बोटीच्या पुढच्या फळीवर ताठ बसून, पाठमोऱ्या राजासारखे हळूहळू आमच्यापासून दूर निघाले. इंजिनाची चावी आईच्या खिशात होती.

"वल्ही कुठे आहेत?" ते ओरडले.

वल्ही खोपीत होती, पण तेवढे ओरडून सांगणे मला जमत नाही, म्हणून मी मान हलवली.

सिग्ने खाडीच्या पलीकडच्या लव्हाळ्यांत जाऊन अडकली. तिथे ब्रांडेलियस उठून उभे राहिले, बोट हलली, ते पुन्हा बसले, आणि मग त्यांचा धीर सुटला. त्यांनी हात वर करून वाचवा, वाचवा अशी आरोळी ठोकली. सिक्स्टेनकाकांनी कॉफीचा घोट संपवला, हातांचा कर्णा केला आणि ओरडले, "उतरा खाली!"

"मला पोहता येत नाही!"

"उभं राहता येतं ना? मग उतरा आणि उभे राहा!"

बराच वेळ काही झाले नाही. मग एक पांढरा बूट बोटीबाहेर आला, पाण्यात शिरला आणि जरासा आत जाऊन थांबला. समुद्र आपल्याला कंटाळून निघून चालला आहे, ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामाला आली. पाणी गुडघ्यापर्यंतही नव्हते. ते बोटीचा दोर धरून, पायाखालचा चिखल चुकवत, एखादी हट्टी गाय ओढत आणावी तसे सिग्नेला घेऊन चालत परत आले.

बोट पाण्यात नेण्यापेक्षा परत ट्रेलरवर चढवणे हे अधिक गहन कार्य आहे, असे पुस्तकाचे मत आहे आणि माझेही झाले आहे. सिक्स्टेनकाकांनी ट्रॅक्टर आणून ट्रेलर खड्ड्यातून काढला. (ते उपस्थित राहण्यापलीकडे गेले, याची गावात अजून चर्चा आहे.) मी बोटीचा दोर ओढणाऱ्या चरखीचा दांडा फिरवू लागले, सिग्ने आधी तिरकी आली, मग तळ घासत आली, मग अर्ध्यावर येऊन रुसली. ब्रांडेलियस आणि सिक्स्टेनकाका दोन बाजूंनी पाण्यात उभे राहून तिला सरळ करत होते. आणि आई, जी आयुष्यात कोणाशी ओरडून बोललेली नाही, ती नाकासमोर उभी राहून मोठ्याने सांगत होती. "हो! हो! थांब! आता हो!" तोंड उघडून, आवाज काढून, तुझ्यासारखी. सिक्स्टेनकाकांच्या हातून दोर सुटता सुटता राहिला. बोट ट्रेलरवर बसली, पट्टे आवळले गेले, तरी आई आणखी एकदा "हो" म्हणाली आणि कोणाकडेच न पाहता खोपीकडे निघून गेली.

ब्रांडेलियसांचे म्हणणे असे की जी बोट आज बुडाली नाही ती कधीच बुडणार नाही, सबब त्यांना ती हवीच आहे. ते शनिवारी उत्तर घ्यायला येतील. बूट त्यांनी आमच्या जिन्यावर वाळत ठेवले होते. आता ते पांढरे नाहीत.

घरी आल्यावर आईने कॉफी केली, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पेल्यांत चीजचे तुकडे टाकले आणि ते पार मऊ झाले तरी ढवळत बसली. मग म्हणाली, "मी हो म्हणाले नव्हते गं."

"माहीत आहे, आई."

"चाक टोकाला आलं ते दिसलं आणि माझा श्वासच अडकला. थांब म्हणायचं होतं. तोंडातून निघालंच नाही." थोड्या वेळाने तिने विचारले, "ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, नाही?"

मला वाटले ती गाडीविषयीच बोलते आहे. वाचणाऱ्या माणसांची हीच अडचण असते. जे लिहिलेले नाही ते आम्हाला उशिरा कळते.

"त्याचाही अडकला असेल," ती म्हणाली. "मी पांघरूण नीट करत होते, खाली वाकले होते. तोंड दिसलंच नाही मला त्याचं. बोट विकू का, असं कोणी विचारतं का माणसाला? वसंतात तू नसशील, हेच सांगितलं की मी त्याला."

तेव्हापासून आई आत श्वास ओढून हो म्हणत नाही. दुकानात, फोनवर, सिक्स्टेनकाकांशी, ती मोठ्याने आणि स्पष्ट 'हो' म्हणते. दुकानदारबाईंना वाटले की ती रागावली आहे. मला तर घरात कोणी पाहुणे आल्यासारखे वाटते. बाकी सर्व क्षेम आहे. हे पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी लिहिले असून तुला कोणताही त्रास देण्याचा हेतू नाही. कंबरेला जप.

तुझी आज्ञाधारक भाची,
हेडविग

ता. क. त्रास द्यायचा आहे. तू पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली होतीस. आई खाली वाकली होती, तू नव्हतीस. तुला बाबांचा चेहरा दिसत होता. कृपा करून शनिवारच्या आत आईला फोन कर.

आणखी एक ता. क. इतक्या लांबलचक पत्रावरून तुझा असा समज होईल की तो होकार नव्हता, नुसता श्वास होता, असे तू सांगावेस आणि बोट आमच्याकडे राहावी, अशी माझी इच्छा आहे. पत्र सुरू केले तेव्हा होती. आता नाही. आईला सांग की तो हो होता. चांगला, नेहमीचा, ट्रेलर मागे घेताना असायचा तसा. बोट गेली तरी चालेल. ब्रांडेलियस तिला जपतील, आणि नाव बदलणार नाहीत असे त्यांनी कबूल केले आहे. तू खरोखर काय पाहिलेस ते मला कधी सांगावेसे वाटले तर सांग. नाही सांगितलेस तरी मी विचारणार नाही.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवण्यापूर्वी, सिग्ने आत्याला काही दिवस इकडे राहायला बोलावू का, असे मी आईला विचारले. ती कॉफी पीत होती. तिने श्वास आत ओढला. कॉफी फार गरम होती, हे प्रामाणिकपणे नमूद करते. पण या वेळी मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते.